गवत बदलल्यावर

सव्वीस वर्षं मी नागपूरचे कूलर दुरुस्त केले.
खामल्यापासून जरीपटक्यापर्यंत
कुणाच्या खिडकीला केवढा पंखा, कुणाची मोटर करकरते,
मला पाठ आहे.
मार्च लागला की लोक बापाला विसरतात, मला फोन करतात.

आणि सव्वीस वर्षं, दोन कूलरच्या मधे एक,
याप्रमाणे सिगरेटी.
मी हिशेब ठेवला नाही. शैलानं ठेवला,
दुधाच्या कॅलेंडरवर, पेन्सिलनं,
आणि बेरीज न करता सोडून दिला.

जानेवारीत शारजाहून भाचा आला, प्रज्वल.
मोज्यात लपवून एक निळी नळी आणलेली.
"मामा, धूर नाही, वाफ आहे.
पण इथं बंदी आहे ना बावा, चौकात काढू नको."
पहिला झुरका आंब्याचा लागला,
खोकल्याच्या औषधात असतो तसला आंबा,
झाडाशी ओळख नसलेला.
त्या दिवशी मी सिगरेट सोडली. खरं म्हणजे
सिगरेटनं नळीला चार्ज दिला
आणि बदलीवर गेली.

सुखदेवच्या ठेल्यावरून जाताना तो ओरडला,
"काय बे, उधारी बुडवून रायला का?"
मी खिशातली नळी चाचपली,
परीक्षेत चिठ्ठी चाचपतात तशी.

मग वाट पाहणं.
मला वाटलं होतं, आठ दिवसांत छाती बोलेल.
बोलली. पण खोकल्यातच बोलली.
सिगरेटी ओढताना नव्हता एवढा खोकला,
पहाटे चारला, काळपट.
शैला उठून पाणी द्यायची, काही म्हणायची नाही.
तिचं ते न म्हणणं
मी उशीखाली सरकवून ठेवायचो.

घाटोळे डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
"झाडलोट सुरू झालीय, केर उडणारच.
आणि ती नळीपण औषध नाही, समजलं?
तिलाही एक तारीख द्या."
मी विचारलं, किती दिवस?
"दिवसांत नका मोजू."
मग कशात मोजू, ते काही त्यांनी लिहून दिलं नाही.

मी जिन्यात मोजतो.
मनीषनगरला तिसऱ्या माळ्यावर कूलर चढवताना
फेब्रुवारीत दुसऱ्या माळ्याच्या चपलांच्या रॅकपाशी थांबलो.
मार्चमध्ये, तिथंच.
एप्रिलमध्ये, तिथंच.
रॅकवर नव्या चपला आल्या होत्या, एवढाच फरक.
हाताखालचा पोट्टा, अंकुश, वरून म्हणाला,
"या ना काका सावकाश, कूलर कुठं पळून रायला?"

गिऱ्हाइकांना मीच सांगतो दर साली:
नवं गवत लावलं की दोन दिवस पाणी पिवळं येतं,
हवा दमट, वास ओला, लगेच थंड होत नाही.
आणि टाकीत बसलेला बोअरचा क्षार
एका धुण्यात सुटत नाही.
चाकूनं खरवडाल तर पत्रा फाटेल.
थांबा थोडं.
आता तेच स्वतःला सांगतो
तेव्हा गिऱ्हाइकाला ऐकू येत असेल तसंच ऐकू येतं:
टाळाटाळ.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, सेहेचाळीस पॉइंट काहीतरी,
अशोक चौकाजवळ पुलावर गाडी अडकली
आणि नाकात काहीतरी शिरलं.
कुजकं, हिरवं, जाड.
मागे बसलेल्या शैलाला विचारलं, काय मेलंय गं इथं?
"नाग नदी आहे जी," ती म्हणाली.
"आम्ही तर तीस वर्षांपासून घेऊन रायलो हा वास.
तुम्हाले आज आला?"
आणि स्कार्फच्या आतल्या आत
किती तरी वेळ हसत राहिली.

पुढची रिक्षा हलली. मागचे हॉर्न मारू लागले.
मी आणखी एकदा श्वास घेतला,
पोटापर्यंत नाही, अर्ध्यापर्यंत,
जेवढा परत मिळालाय तेवढा.

नळी खिशातच आहे. चार्ज कमी दाखवते.
काल लावली नाही चार्जिंगला.
आजचं सांगता येत नाही.
उद्या मनीषनगर, तिसरा माळा.